तलाठ्याचे पाय

वडाचा पाडा, म्हशाजवळ, ता. मुरबाड
१२ नोव्हेंबर १९३८

ती. लडकूमामांना गोदीचा वाकून नमस्कार.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत, म्हणून हे पत्र रागाने लिहायचं ठरवलं होतं. पण काम पडलं आहे, तेव्हा राग पुढच्या पत्रात.

आमचा कुत्रा तलाठी आठवतो ना? लग्नात तुमच्या पत्रावळीवरची बुंदी खाऊन गेला, तो. रोज सकाळी गावातल्या प्रत्येकाच्या बांधावर जाऊन वास घेऊन येतो, म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव तलाठी ठेवलं. मी या घरात आले तेव्हा पहिले दोन महिने माझ्याशी मोकळेपणाने वागलं ते एवढंच जनावर. पाण्याला जाताना माझ्यापुढे, येताना माझ्यामागे.

आठ दिवस झाले, त्याच्या पायांना काहीतरी झालं आहे. चारही पंजांखालच्या गाद्या जाड आणि टणक झाल्या आहेत. आधी ते सासूबाईंच्या कानाला कळलं. तो ओटीच्या फळ्यांवरून गेला, तर त्या आतून ओरडल्या, "कोन गो खडावा घालून फिरतंय?" बाहेर पाहते तर तलाठी. मी पंजा हातात घेऊन नख रोवून पाहिलं, तर माझंच नख वळलं. चालताना एकेक पाय जपून टाकतो. बांधांवर जाणं बंदच आहे. खातो-पितो ठीक, बाकी काही दुखणं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "तुजा मामा शापूरला गुरांचा डॉक्टर हाय ना? मंग इचार की त्याला." मी लगेच हो म्हटलं. मामा, तुम्ही दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर आहात हे मला ठाऊक आहे. पण इथे मी लग्नापासून डॉक्टरच सांगत आले. माहेरचं काहीतरी मोठं सांगायला हवं होतं, आणि आई गेल्यापासून माहेर म्हणायला माझ्याकडे तुमच्याखेरीज काय होतं? रागावू नका. औषध कळवा.

तुमची गोदी


शहापूर
१८ नोव्हेंबर १९३८

चि. गोदीस मामाचे आशीर्वाद, आणि दिवाळीच्या रागाबद्दल एक टपली.

दिवाळीत मी लाडू खात बसलो नव्हतो. इकडे खुरकुतीने थैमान घातलं आहे. किन्हवलीपासून डोळखांबपर्यंत गावोगाव हिंडून गुरांचे खूर धुतोय. माझ्या हातांचा वास तुझ्या मामीला सहन होत नाही, ती मला ओसरीवर जेवायला वाढते.

तुझं पत्र अर्धं वाचलं आणि रोग ओळखला. ही खुरकूतच. कुत्र्याला खूर नसतात, म्हणून ती गाद्यांवर उतरते, एवढाच काय तो फरक. डॉक्टरसाहेबांनाही विचारलं, त्यांचंही हेच मत पडलं. किन्हवलीच्या माणसाबरोबर मोरचुदाची पुडी पाठवतो आहे. ती पाण्यात कालवून सकाळ-संध्याकाळ पाय धू, मग ओढ्याच्या चिखलात घटकाभर उभं कर. बैल उभा राहतो, मग तलाठ्याने का राहू नये?

डॉक्टर सांगितलंस ते वाचून खूप हसलो. मग तेवढा भाग पुन्हा वाचला. मामी म्हणाली, "सारका तोच कागद काय वाचताव?" मी म्हटलं, सरकारी आहे.

तुझा डॉक्टरमामा


वडाचा पाडा
२७ नोव्हेंबर १९३८

ती. मामांना नमस्कार. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घ्या.

तुमचं पत्र आलं ते मी ओटीवर बसून मोठ्याने वाचलं. डॉक्टरमामाचं पत्र, चार माणसांनी ऐकायला नको का? शेजारचा म्हादू भात झोडायचं सोडून आला. खुरकूत हा शब्द त्याच्या कानावर पडला आणि त्याचं तोंडच उतरलं. म्हशाच्या जत्रेत त्याला आपली बैलजोडी विकायची आहे. दोन वर्षं त्याने ती पोटच्या पोरांसारखी वाढवली आहे. म्हणाला, "ह्यो कुतरा रोज माज्या गोठ्यात यायचा. खुरकूत लागली तं जत्रेत कोन हात लावल माज्या बैलांना? याला आजच काळू नदीपार सोडा, नायतर मीच डोक्यात दगड घालतो." यांनी त्याच्या विनवण्या करून जत्रेपर्यंतची मुदत मागून घेतली. तलाठी आता खळ्यातल्या मांडवात बांधलेला आहे.

आणि औषधाचं ऐका. चार दिवस मोरचुदाने पाय धुतले. बैल पाय चाटत बसत नाही, मामा, कुत्रा बसतो. पाचव्या दिवशी त्याला हिरव्या-निळ्या ओकाऱ्या झाल्या, तोंडाला फेस आला, दोन दिवस त्याने मान वर केली नाही. गाद्यांना भेगा पडून रक्त आलं. सासूबाईंनी औषधाचं घमेलं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मला वाटतं, म्हादूसारखंच त्यांनाही कुत्रं नकोसं झालं आहे.

आता माझा अपराध सांगते. बाकी काही दुखणं नाही, हे मी खोटं लिहिलं होतं. दिवाळीत त्याला चार दिवस ताप होता. डोळ्यांत चिपडं, नाक गळत होतं, खोकला होता. म्हादूकडची दोन पिल्लं तेव्हाच मेली. मी लहान असताना तुम्ही एकदा म्हणाला होतात की तापलेलं कुत्रं ठेवू नये, गोळी घालून मोकळं व्हावं. तुम्ही तेच लिहाल या भीतीने मी ताप लपवला. आता काही लपवलेलं नाही. हे पत्र डॉक्टरसाहेबांना दाखवा. मला तलाठी जगायला हवा आहे.

गोदी


शहापूर
१ डिसेंबर १९३८

गोदी, मोरचूद बंद. पुडी उरली असेल तर खोल खड्ड्यात पूर. आधी हे, मग आशीर्वाद.

तू एक खोटं लिहिलंस, मीही एक लिहिलं, आणि माझं जास्त वाईट. डॉक्टरसाहेबांना मी विचारलंच नव्हतं. ते माझ्यापासून दहा पावलांवर बसतात. पण तू मला डॉक्टर म्हटलंस आणि ते मला इतकं गोड लागलं की पुढच्या खोलीत जाऊन "साहेब, मला कळत नाही" म्हणायला पाय उचलेना. तीस वर्षं मी खूर पाहतोय, म्हणून मला तुझ्या कुत्र्यालाही खूर दिसले.

काल तुझी दोन्ही पत्रं साहेबांपुढे ठेवली आणि माझं उत्तरही तोंडाने सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "लडकू, आयुष्यात एकदा तरी कुत्र्याचा पंजा हातात घेतलास का?" मी म्हटलं, "नाय साहेब." ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांचं म्हणणं असं. ही खुरकूत नव्हे. कुत्र्यांना एक ताप येतो, त्याला डिस्टेंपर म्हणतात. तो उतरला की दोन-तीन आठवड्यांनी काही कुत्र्यांच्या गाद्या अशा टणक होतात. हा रोग एका कुत्र्याचा दुसऱ्या कुत्र्याला लागतो. बैलाला, म्हशीला, माणसाला लागत नाही. म्हादूला हे ठासून सांग. तलाठ्याचं नाक हाताने चाचपून पाहा, तेही वरून कडक झालं असेल तर रोग नक्की. अंगाला झटके येतात का, तेही बघ. झटके वाढत गेले तर साहेबांकडेही इलाज नाही, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. नाहीतर महिना-दोन महिन्यांत गाद्यांची वरची जाड साल आपोआप सुटते.

इलाज साधा आहे. रोज कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय भिजव, कोरडे कर, कोकमतेल किंवा लोणी चोळ. चाटलं तरी अपाय नाही. वरून मऊ कापडाच्या पिशव्या बांध, सैल. सुरी-कोयत्याने साल कापायला जाऊ नका, खाली जिवंत मांस असतं. बांधून ठेवलाय ते ठीक, दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब राहील. पातळ पेज पाज.

पौषी पुनवेला जत्रेत गुरं तपासायला साहेबांचा तंबू लागेल, मीही असेन. तोवर घरात सांग, चूक मामाची आहे.

मामा


वडाचा पाडा
१२ डिसेंबर १९३८

ती. मामांना नमस्कार.

नाक पाहिलं. वाळलेल्या खारकेसारखं झालं आहे, वर चिरा आहेत. म्हणजे रोग नक्की ना? निजला की मागचा डावा पाय अधूनमधून उडतो. एकच पाय, जास्त नाही. रोज मोजते. काल अकरा वेळा, आज नऊ.

कोकमतेलाची गंमत ऐका. मी सासूबाईंना भीतभीत विचारलं, घरात आहे का. त्या आत गेल्या आणि माळ्यावरून मडकं काढून आणलं. वर्षाचं कोकमतेल त्यांच्या टाचांच्या भेगांसाठी ठेवलेलं असतं, थंडीत त्या भेगांतून रक्त येतं. अख्खं मडकं माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "माज्या टाचा गेल्या साली व्हत्या, पुढल्या सालीबी असतील. त्याचा काय भरवसा?" मग पदर डोळ्यांना लावून निघून गेल्या. मामा, मी त्यांना किती उलटं ओळखलं होतं! आता पाय भिजवायचे मी आणि चोळायचे त्या, अशी वाटणी आहे. त्यांच्या जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या आहेत. चार पायांत चार पिशव्या घालून तलाठी बसला की कुणाच्या सोयरिकीला निघाल्यासारखा दिसतो.

पण म्हादू ऐकत नाही. "डॉक्टरनं सोताच्या हातानं खुरकूत लिवलीय, आन आता पोरगी म्हंते नाय," असं गावभर सांगतो. आणि एक मी तुमचं ऐकलं नाही. चूक मामाची आहे, हे घरात सांगितलं नाही. तोंडच उघडेना. तुम्ही जत्रेत आलात की डॉक्टर म्हणून एवढंच म्हणा, खुरकूत होती, आता बरी झाली. म्हादूही गप्प होईल आणि माझंही नाव राहील. एवढं माझ्यासाठी करा.

गोदी


शहापूर
२० डिसेंबर १९३८

चि. गोदीस आशीर्वाद.

अकरावरून नऊ, हे साहेबांना दाखवलं. ते "बरं चिन्ह" म्हणाले. मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ बसलो.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. माझ्यामुळे त्यांचं तेल गेलं, मी इकडून थिजलेल्या कोकमतेलाचा नवा गोळा आणतो.

जत्रेत काय बोलायचं ते तू लिहिलंस तसंच बोलेन. मला ते फारसं पटलेलं नाही. पण तुझं नाव राहत असेल तर माझं काय जातंय? आमच्या जावयांना, कान्होबांना म्हणावं, तलाठ्याला गाडीत घालून साहेबांच्या तंबूशी आणा. हल्ली मी आमच्या चौकीदाराच्या कुत्रीचे पंजे रोज पाहतो, निरोगी पंजा कसा असतो ते कळायला. ती मला आता टाळते.

मामा


वडाचा पाडा
९ जानेवारी १९३९

ती. मामांना नमस्कार.

जत्रा उठली, तुम्ही शहापूरला पोचला असाल. तिथे जे झालं ते तुम्ही केलंत, तेव्हा तुम्हाला ते काय सांगायचं? पण तुम्ही गाडीवर उभे होतात आणि मी बायकांत मागे होते. तुमच्याकडून दिसलं नसेल ते लिहिते.

आमची गाडी बैलबाजाराशी आली आणि म्हादू ओरडला, "खुरकुतीचा कुतरा बाजारात आनलाय!" तेव्हा लोकांच्या हातात काठ्या कुठून आल्या मला कळलं नाही. यांनी तलाठ्याला घोंगडीत गुंडाळून पोटाशी धरलं होतं. मी मनात म्हणत होते, मामा येऊ दे, मामा म्हणेल बरी झाली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बरी झाली तरी काय, खुरकूत ती खुरकूत." तुम्ही तंबूकडून धावत येत होतात, तुम्ही ते ऐकलंत. तुमचा चेहरा मी पाहिला. ठरलेलं वाक्य तुम्ही तिथेच गिळलंत.

मग तुम्ही गाडीच्या जूवर चढलात आणि म्हणालात, "या कुत्र्याला खुरकूत नाय. कदी नव्हती. खुरकूत मी लिवली, न बघता, न इचारता. मी डॉक्टर नाय. मी खूर धुनारा, पट्टी बांधनारा मानूस हाय. खरा डॉक्टर त्या तंबूत बसलाय, चला इचारू. त्यांनी खुरकूत सांगितली तं पयली काठी माज्या डोक्यात घाला." तुम्ही हे बोललात तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी पिचली. साहेबांनी पंजे, नाक पाहून सगळ्यांसमक्ष सांगितलं की हा रोग गुरांना लागत नाही, तोवर सासूबाईंनी माझा हात सोडला नाही. मग सोडला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलंही नाही.

म्हादूची जोडी विकली गेली. जाताना त्याने तलाठ्यापुढे भाकरीचा तुकडा टाकला, माफी मागितल्यासारखा. साहेबांनी दाखवलं तसं रोज पाय भिजवून पाहते, एका गादीची कड सुटू लागली आहे.

पण सासूबाई घरी आल्यापासून गप्प आहेत. मी दोन वर्षं त्यांना डॉक्टर डॉक्टर सांगत होते. पाया पडून माफी मागितली, तर "बरं" म्हणाल्या आणि दळायला बसल्या. मामा, तुम्ही तलाठ्याला वाचवलंत. माझं काय होईल ते होवो. तुम्ही ठरलेलं मोडलंत याचा मला राग नाही, हे सांगायलाच हे पत्र.

गोदी


शहापूर
१७ जानेवारी १९३९

चि. गोदीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. कुत्र्याच्या जिवासाठी भाचीला मान खाली घालायला लावली, हे रात्रंदिवस टोचतंय. पण त्या काठ्या पाहिल्यावर दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं सांगू? बोलून टाकल्यावर छाती हलकी झाली. गावोगावचे लोक मला कौतुकाने डॉक्टर म्हणायचे, आता बाजारात कुणी तशी हाक मारत नाही. तंबूत हसलेही दोघे-तिघे.

विहीणबाईंना माझ्या वतीने सांग, पोरीचा दोष नाही. तिला मोठेपणा सांगायला दुसरा मामा मिळाला नाही, एवढंच. मी आता तुमच्या घरी यायचं टाळतो, म्हणजे तुला त्रास नको. जत्रेच्या धांदलीत राहिलेला कोकमतेलाचा गोळा किन्हवलीच्या माणसाबरोबर पाठवला आहे.

पायाचं काय ते कळव. पाय किती वेळा उडतो?

मामा


वडाचा पाडा
१४ फेब्रुवारी १९३९

ती. मामांना नमस्कार.

आधी पाय. दिवसात दोनदा उडतो, कधी एकदा. साहेबांना सांगा, तेवढं राहिलं तरी चालेल. तीन पंजांची साल पूर्ण गेली. परवा भिजवताना पुढच्या उजव्या गादीची जाड टोपी सगळी माझ्या हातात आली आणि खाली काळीभोर, मऊ गादी. मी ओरडलेच. सासूबाई धावत आल्या, अंगठा फिरवून पाहिला, म्हणाल्या, "माज्या टाचंपेक्षा बरी हाय." काल सकाळी त्याने दोर ओढून धरला, मी सोडला. तो लंगडत म्हादूच्या बांधापर्यंत गेला, वास घेतला आणि परत आला. त्याच्यामागून मी चालत होते आणि रडत होते, पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल!

आता दुसरं. आमची गाभण म्हैस चार दिवस मागचा पाय टेकत नाही. खुराच्या फटीत सूज आहे. हे म्हणाले, मुरबाडहून डॉक्टर आणू. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. जत्रेनंतर एवढं भरभरून त्या पहिल्यांदाच बोलल्या. मला म्हणाल्या, "कागुद घे, मी सांगते तसा लिव." त्यांचे शब्द तसेच लिहिते:

"लडकूमामा, पोरीनं डॉक्टर सांगितला म्हनून मी म्हयनाभर तुमच्यावर रागं भरले. मंग इचार केला, शंभर लोकांत आपली चूक सांगनारा मानूस मी तरी पयल्यांदाच पायला. आमची म्हस बघायला तुमीच या. खूर तुमचं काम हाय. आन तुमाला नाय समजला तं तुमी नाय समजला म्हनून सांगाल, मंग आमी डॉक्टर आनू. पोरीला मी बोलत नव्हते ती रागानं नाय, मला आपलीच लाज वाटत व्हती. दोन वर्सं झाली, तिच्या मायेरचा मानूस मी कदी जेवायला बोलावला नाय. तवा बाकीचं ऱ्हाऊ द्या, जेवायलाच या."

एवढं सांगून त्या चुलीपाशी गेल्या. आतून विचारत आहेत, मामाला तिखट चालतं का. मी काय सांगू? बुधवारी हे गाडी घेऊन तुम्हाला घ्यायला सरळगावला उभे राहतील.

तुमची गोदी